बारावी कॉमर्स, हातात नोकरी आणि आता डॉक्टर व्हायचंय: नाशिकमधून हे नेमकं कसं होतं?

गोदाकाठ

मामेबहिणीसाठी विचारतोय. वय २८, बारावी कॉमर्स, पुढे बी.कॉम., अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. घरातल्या आजारपणात दवाखाने जवळून पाहिले आणि तेव्हापासून तिने एकच धरलंय, डॉक्टर व्हायचं. घरात अर्धे म्हणतात वय गेलं, अर्धे म्हणतात कॉमर्सवाल्यांना ते दारच बंद आहे. नियम काय, कागद कुठले, वर्षं किती, पैसे किती आणि माणूस अडकतो कुठे, एवढं जाणकारांनी सांगावं. पहिली दोन वर्षं तरी नाशिक सोडणं तिला शक्य नाही.

म्हसरूळकर

आधी वयाचं बघू. नीट, म्हणजे एमबीबीएसची देशभरची प्रवेश परीक्षा, तिला वरची वयोमर्यादा आता नाही. पूर्वी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीवला ३० होती, ती मार्च २०२२ मध्ये काढली. खालची अट तेवढी आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. किती वेळा बसायचं यालाही बंधन नाही.

कॉमर्सचं दार पूर्वी खरोखरच जवळजवळ बंद होतं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढून ते उघडलं. बारावी झाल्यावर भौतिक, रसायन, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय अतिरिक्त म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून केले असतील, तरी नीटला बसता येतं. म्हणजे तुमच्या बहिणीला तीन विषय प्रात्यक्षिकांसह पास व्हायचे आहेत. तिन्ही मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १५०, आणि राखीवला ४० टक्के, म्हणजे १२०. इंग्रजीत पास असलं की झालं. कॉमर्सचे किंवा बी.कॉम.चे टक्के कुणी बघत नाही.

इतर वाचकांसाठी: इंजिनिअरिंग झालेल्यांचं बारावीला बहुतेक भौतिक-रसायन-गणित असतं, त्यांना फक्त जीवशास्त्र लागतं. बीएएमएस किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांचं बारावीला जीवशास्त्र असतंच, त्यांनी सरळ फॉर्म भरायचा. बी.फार्म. गणित घेऊनही होतं, त्यांनी बारावीला जीवशास्त्र होतं का ते आधी बघायचं. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांची गत कॉमर्सवाल्यांसारखीच. आणि हे पक्कं लक्षात घ्या, एमबीबीएसला मधल्या वर्षात प्रवेश कुणालाच नाही. दहा वर्षं आयसीयूत काम केलेली नर्स असो की प्रॅक्टिस करणारा वैद्य, सुरुवात पहिल्या वर्षापासून आणि तीही नीट देऊनच.

गोदाकाठ

धन्यवाद. मग हे तीन विषय राज्य मंडळातून करायचे की एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून?

सेतूखिडकी

एकच विषय राहिला असेल तर राज्य मंडळाची ‘तुरळक विषय’ ही सोय बघा. आधी बारावी पास झालेला विद्यार्थी एखादा विषय घेऊन बसतो. त्यासाठी एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाने तुमचा अर्ज घ्यायला हवा आणि प्रात्यक्षिकांना उभं करायला हवं. जीवशास्त्राचे ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. कॉलेजं का कू करतात ती या ३० गुणांपायी. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात, म्हणून जून-जुलैतच कॉलेज गाठायचं. जानेवारीत विभागीय मंडळाकडे धाव घेऊन काही मिळत नाही.

ताईंना तिन्ही विषय हवेत, त्यामुळे एनआयओएस सोपं पडेल. विषय क्रमांक लिहून ठेवा: भौतिक ३१२, रसायन ३१३, जीव ३१४, इंग्रजी ३०२. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन पद्धतींनी नाव घालता येतं. नुसते हवे तेवढे विषय घ्यायचे, म्हणजे त्या विषयांची गुणपत्रिका मिळते. किंवा पाच विषय घेऊन पूर्ण बारावी पुन्हा करायची. सूचनेनुसार पहिली पद्धत पुरते. तरीही मी दुसरी सुचवेन. कागद तपासणाऱ्या टेबलावर एका गुणपत्रिकेत सगळं दिसलं की प्रश्न कमी येतात, आणि वाढीव खर्च एका-दोन विषयांच्या फीचाच आहे.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्यायचं. राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाचा दाखला लागतो, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून हवी. ‘तिकडं पास करून देतात’ म्हणून परराज्यातलं केंद्र घेतलं की ८५ टक्के जागा हातच्या गेल्या, उरल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के. दुसरं म्हणजे एप्रिल-मेची परीक्षा आणि नीट अंगावर एकदम येतात, कारण नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते. त्याआधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिन्ही विषय उरकले तर गुणपत्रिका हातात घेऊन फॉर्म भरता येतो.

मखमलाबाद

नियम कळले. पण मुळातला प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. आजारी माणसाजवळ बसून जी ओढ लागते ती डॉक्टरकीचीच असते कशावरून? सेवा करायची तर रस्ते पुष्कळ आहेत. वकिली सोडलेले बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि एमबीबीएस न होता एवढं काम उभं केलं. २८ व्या वर्षी नोकरी सोडून सात-आठ वर्षं घालवण्याआधी हे तपासायला नको?

वॉर्ड_नंबर_पाच

मखमलाबादकाका, प्रश्न रास्त आहे आणि तो तपासता येतो. नातेवाईक म्हणून बघताना डॉक्टर पाच मिनिटं दिसतो, तेही निर्णय सांगताना. उरलेले बारा तास तो काय करतो ते दिसत नाही. इंटर्नचं सकाळचं काम बघा. साठ-सत्तर खाटांचा वॉर्ड, राउंडच्या आत रक्त काढून प्रयोगशाळेत पोहोचवायचं. नळ्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी निळ्या झाकणाची, मग साधी लाल, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळीत पोटॅशियमचं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ती आधी भरली आणि त्याचा अंश लाल नळीत गेला, की रिपोर्टात पोटॅशियम खोटं चढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. मग ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्या हृदयासाठी धावपळ सुरू. निळी नळी रेघेपर्यंतच भरायची, त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं. कमी भरली तर रक्त गोठण्याची तपासणी चुकते आणि लॅब ती परत पाठवते. बारीक सुईतून दट्ट्या जोरात ओढला तर लाल पेशी फुटतात, नमुना वाया. नळीवर नाव रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहूनच लिहायचं. टेबलावर सगळ्या नळ्या मांडून एकदम लिहिल्या की अदलाबदल झालीच म्हणून समजा.

हे काम रोज करायचं आणि सत्तराव्या रुग्णालाही पहिल्याइतकंच जपायचं. हे वाचून ज्याला ‘पोटॅशियम का चढतं’ हे आणखी खोलात जाणून घ्यावंसं वाटतं, त्याची ओढ डॉक्टरकीची. ज्याला रुग्णाच्या उशाशी बसून बोलावंसं वाटतं, त्याने नर्सिंग, फिजिओथेरपी आणि वैद्यकीय समाजकार्य हे तिन्ही रस्ते नीट पाहावेत. यातलं कुठलंच खालचं नाही.

तपासायचं कसं? प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घ्या. रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर काम करा. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात कुणाला सोबत लागत असेल तर जा, आणि केसपेपरच्या रांगेपासून औषधाच्या खिडकीपर्यंत सगळं बघा. ओळखीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत बसायचं तर रुग्णाची परवानगी घेऊनच, आणि बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. एकदा बसून काही कळत नाही. कंटाळा येईपर्यंत जा आणि त्यानंतरही जावंसं वाटतं का ते बघा.

पेठ_हरसूल

वॉर्डातलं वर आलंय, मी खेड्यातलं सांगतो, कारण सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर बंधपत्रित सेवेत (प्रवेशावेळी लिहून दिलेल्या बाँडची सरकारी सेवा) बहुतेकांना तिथेच जावं लागतं.

पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यात पावसाळ्यात सर्पदंश येतातच. साप कुठला होता ते सांगता येत नाही, दंशाची खूण धड दिसत नाही. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात करायची तपासणी अगदी साधी आहे: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदा तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलंय, प्रतिविष लगेच. हे बिघडतं कशाने? प्लास्टिकची नळी घेतली तर निरोगी माणसाचंही रक्त वेळेत गोठेलच असं नाही. साबणाने धुतलेली नळी वापरली तरी तेच. आणि २० मिनिटांच्या आत कुणी नळी हलवून बघितली तर निकाल विश्वासाचा राहत नाही. रक्त गोठलं म्हणून निर्धास्त होता येत नाही ते वेगळंच, मण्यारीचं विष रक्ताला हात लावत नाही, पापण्या जड होणं आणि श्वास मंदावणं हीच खूण. त्यामुळे नळी ठेवल्यावर ती २० मिनिटं रुग्णाच्या पापण्यांकडे बघायची.

अशा ठिकाणी जास्त वयाच्या डॉक्टरचा उपयोग होतो हे मी ठामपणे सांगतो. नातेवाईक भगताकडे नेऊ म्हणतात, तेव्हा त्यांना थांबवायला विज्ञानाइतकाच बोलण्याचा अनुभव लागतो.

वय गेलं म्हणणाऱ्यांना दोन नावं सांगा. अल्बर्ट श्वाइट्झर धर्मशास्त्र शिकवायचे, ऑर्गन वाजवायचे. तिशीत, १९०५ मध्ये त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला आणि १९१३ मध्ये आफ्रिकेत लांबारेनेला गेले. आणि आपल्या रखमाबाई. बालविवाहाच्या खटल्यात ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात’ असा निकाल १८८७ मध्ये अंगावर घेऊन त्या १८८९ मध्ये लंडनला वैद्यक शिकायला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

फळा_खडू

आता अभ्यासाचं. पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा, ७२० गुणांचा. भौतिक ४५, रसायन ४५, जीव ९०. बरोबरला ४, चुकीला वजा १. पूर्वीचे ऐच्छिक प्रश्न २०२५ पासून गेले, त्यामुळे जुन्या सराव पुस्तकांतली वेळेची गणितं आता लागू नाहीत.

कॉमर्सची मुलं म्हणतात, जीवशास्त्राला निम्मे गुण आहेत, तेवढं घोकलं की झालं. पण जीवशास्त्र सगळ्यांचंच चांगलं जातं, गुणवत्ता यादीत वर-खाली करतं ते भौतिक. आणि भौतिक अडतं गणितावर. म्हणून पहिले दोन-तीन महिने भौतिकाचं पुस्तक उघडूच नका. त्रिकोणमिती, आलेखाचा उतार आणि त्याखालचं क्षेत्रफळ, सदिश, अगदी प्राथमिक विकलन-समाकलन आणि लॉग, एवढं पक्कं करा. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, साइन ३७ अंश ०.६, कोसाइन ३७ अंश ०.८, हे झोपेतही आठवायला हवं. रसायनातला पीएचचा प्रश्न याच दोन लॉगवर सुटतो.

त्यानंतर पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. विद्युतधारा, किरण प्रकाशिकी, आधुनिक भौतिकी आणि अर्धवाहक ही प्रकरणं आधी, तिथे थोड्या सूत्रांत बरेच प्रश्न सुटतात. घूर्णन गती मागाहून. रसायनात मोल संकल्पना कच्ची राहिली तर भौतिक रसायन सगळंच डळमळतं, म्हणून ती पहिली.

जीवशास्त्राला एनसीईआरटीचं अकरावी-बारावीचं पुस्तक ओळ न् ओळ, आकृतीखालचा मजकूरसुद्धा. राज्य मंडळाच्या पुस्तकावर विसंबू नका. आणि जुनी पुस्तकं घेताना सांभाळा, २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम कमी झालाय. वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण, पचन आणि शोषण, पर्यावरणीय समस्या ही प्रकरणं गेली. रसायनातून स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायन, बहुवारिके गेली. सेकंडहँड संच आणून ही प्रकरणं पाठ करणारे अजून दिसतात.

कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या क्लासेसबद्दल एकच इशारा. ‘रिपीटर बॅच’ ही अकरावी-बारावी सायन्स झालेल्यांसाठी असते. कॉमर्सचा विद्यार्थी तिथे पहिल्या महिन्यातच मागे पडतो. पहिलं वर्ष मुळापासून शिकवणारी बॅच किंवा शिकवणी, दुसऱ्या वर्षी रिपीटर, असा क्रम ठेवा. नोकरी सांभाळून रोज तीन तास आणि रविवारी आठ धरले तर आठवड्याला २६ तास होतात. दोन वर्षांत हे जेमतेम पुरतं, आणि शेवटच्या चार-पाच महिन्यांत नोकरी ठेवून हे जमेल असं मला वाटत नाही.

गोदाकाठ

ती मराठी माध्यमाची. पेपर मराठीत मिळतो ना? तो घ्यावा का? आणि येत नसेल तर अंदाजाने गोल भरावा का?

फळा_खडू

मराठीत मिळतो, पुस्तिकेत इंग्रजीही असते. दोन्हींत फरक पडला तर इंग्रजीच ग्राह्य. पण सरावाचं चांगलं साहित्य इंग्रजीत आहे, एमबीबीएस पुढे इंग्रजीतच शिकायचं आहे, म्हणून ताईंनी समजून घ्यायला मराठी वापरावं, शब्द मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजी लिहावेत. ‘तंतुकणिका’ शिकून परीक्षेआधी ‘मायटोकाँड्रिया’ शोधायला लागू नये.

अंदाजाचं गणित असं. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरी पाव गुण पदरात पडतो, म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि नशीब फिरलं तर वजा. एक पर्याय नक्की चूक दिसला तर सरासरी ०.६७, दोन चूक दिसले तर दीड. म्हणून किमान एक पर्याय कारणासह खोडता आला तरच भरा. ओएमआर (गोल भरायचा उत्तरांचा कागद) शेवटी एकदम भरायचा नाही. एक प्रश्न सोडला आणि पुढचे सगळे गोल एका घराने सरकले, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. पंधरा-वीस प्रश्न सोडवा, तेवढे गोल भरा, पुढे चला. सराव परीक्षाही छापील ओएमआरवर, दुपारी दोन ते पाच याच वेळेत.

हिशेबवही

पैशांकडे येऊ. सरकारी कॉलेजची फी आवाक्यातली असते, खाजगीची दर कॉलेजागणिक वेगळी आणि वर्षाला लाखांत. खाजगीची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेली असते, एजंटाच्या तोंडचा आकडा धरू नका. वसतिगृह, मेस आणि अनामत त्यावर वेगळी. संस्था कोट्यातल्या, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याच्या जागेची फी नेहमीच्या कित्येक पट होऊ शकते.

ताईंसाठी महत्त्वाचं: २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेऱ्यांतून हवा, संस्था कोट्याला हे लागू नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर.

कर्जाचं साधारण असं: ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीन किंवा हमी योजना, त्यापुढे मालमत्ता. शेतजमीन एनए (बिगरशेती) नसेल तर बऱ्याच बँका तारण धरत नाहीत; दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागवाल्यांचं इथेच अडतं. व्याजावर आयकराच्या ८० ई कलमाची सूट आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली घेतली तरच.

वर्षांचा हिशेब सरळ मांडा. दोन वर्षं तयारी, साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज असेल तर पुढे एक वर्ष बंधपत्रित सेवा, ती टाळली तर १० लाखांचा दंड. सेवेत पगार असतो, तेव्हा टाळायचं कारण नाही. २८ ला सुरुवात केली तर छत्तिशीच्या आसपास स्वतःच्या पायावर, एम.डी. करायचं तर चाळिशी. नोकरी सोडण्याआधी तयारीच्या अखेरच्या सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा आणि आई-वडिलांचा आरोग्य विमा चालू हवा. मधेच अभ्यास सुटतो तो बहुतेक वेळा फीपायी सुटत नाही, घरातल्या आजारपणापायी सुटतो.

सेतूखिडकी

कागदांवर पुन्हा येतो, कारण मोठ्या वयाच्या उमेदवारांचे कागद वेगळ्याच जागी अडतात.

ताईंचं लग्न झालं असेल तर नाव बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. नीटच्या फॉर्मवर दहावीचं नाव ठेवा, विवाह प्रमाणपत्र जोडा आणि राजपत्रात नावबदल छापून घ्या. हे फॉर्मच्या दोन-तीन महिने आधी. फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात, २०२५ ला खुल्या प्रवर्गाची फी १,७०० रुपये होती.

राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बी.कॉम.ला ते कुणी मागितलं नसेल तर आजच पडताळणी समितीकडे अर्ज करा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले शोधण्यातच महिने जातात. नॉन-क्रिमिलेअर त्या वर्षाच्या ३१ मार्चपुढे चालणारं हवं.

ईडब्ल्यूएसचं लोकांना माहीत नसतं: कुटुंबाच्या उत्पन्नात आई-वडिलांसोबत उमेदवाराचा स्वतःचा पगार आणि पती-पत्नीचा पगारही धरतात. १८ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न येत नाही, नोकरी करणारीला येतो.

बी.कॉम.च्या कॉलेजातून सोडल्याचा दाखला आणि एनआयओएसचं स्थलांतर प्रमाणपत्र काढून ठेवा, विद्यापीठाच्या पात्रतेला लागतं. मधल्या वर्षांसाठी खंड प्रतिज्ञापत्र (गॅप अॅफिडेव्हिट). शारीरिक योग्यतेचा दाखला माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच हवा, साध्या लेटरहेडवरचा परत येतो.

आणि प्रवेशाची चौकशी करायला दिंडोरी रोडला आरोग्य विद्यापीठात जाऊ नका. विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे म्हणून लोकांचा तसा समज होतो. विद्यापीठ परीक्षा आणि पदवीचं बघतं. राज्याचे प्रवेश राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाकडून ऑनलाइन होतात, अखिल भारतीय कोटा एमसीसी या केंद्राच्या समितीकडे. एमसीसीच्या शेवटच्या उरलेल्या जागांच्या फेरीत जागा मिळून घेतली नाही तर पुढच्या वर्षीची नीट देता येत नाही. नको असलेली कॉलेजं त्या यादीत भरूच नका.

म्हसरूळकर

नाशिकजवळचे पर्याय सांगतो. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय, ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यात नाशिक होतं. खाजगीत आडगावचं डॉ. वसंतराव पवार महाविद्यालय आणि इगतपुरी तालुक्यात धामणगावचं एसएमबीटी. बीएएमएसला पंचवटीत गणेशवाडीचं आयुर्वेद महाविद्यालय जुनं आहे. पण पसंतीक्रम भरताना फक्त नाशिक धरून बसू नका. विभागवार ७०-३० चा कोटा २०२० मध्ये गेला, नाशिकच्या मुलांना नाशिकसाठी वेगळं झुकतं माप आता मिळत नाही. सरकारी जागा मिळत असेल तर नंदुरबार-धुळ्यालाही जावं.

आत गेल्यावरचंही सांगून ठेवतो. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे सोबत नोकरी होत नाही, घरून हिशेबाची कामं करेन म्हटलं तरी होत नाही. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत सुटलं नाही तर बाहेर. सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपला पाहिजे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचं पाठांतर प्रचंड असतं. तिशीतल्या विद्यार्थ्याला घोकायला जास्त वेळ लागतो, पुढे रुग्णाकडून आजाराची माहिती काढून घेताना तोच सरस ठरतो.

मखमलाबाद

वॉर्ड_नंबर_पाच आणि पेठ_हरसूल यांचं पटलं. एक विचारतो. इथे गुण कमी पडले की परदेशाचे एजंट घेरतात. त्याचं काय?

म्हसरूळकर

नीट पात्र व्हावं लागतंच, परदेशासाठी तो निकाल तीन वर्षं चालतो. पुढचे नियम नोव्हेंबर २०२१ चे आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याजोगी पदवी. परत आल्यावर एफएमजीई (परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा), ३०० पैकी १५० गुण, आणि मग भारतात आणखी १२ महिने इंटर्नशिप. एजंटाला तोंडी विचारू नका. विद्यापीठाचा अभ्यासक्रम, महिने आणि माध्यम लिहिलेलं पत्र मागा. तो पत्र देत नसेल तर तिथून उठा. चाळिशीकडे झुकलेल्या उमेदवाराला ही एक-दोन वाढीव वर्षं परवडतात का, ते हिशेबवहीने मांडलंय त्यात घालून बघा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, पूर्ण धागा तिला वाचून दाखवला. या महिन्यापासून दर रविवारी ती प्रथमोपचाराच्या वर्गाला आणि रक्तदान शिबिरांना जाणार. एनआयओएसला पाच विषयांनी नाव घालणार, जात वैधतेचा अर्ज सोमवारी. लग्न झालेलं नाही, नावाचा प्रश्न नाही. तिची एक शंका: प्रयोगशाळेत कधी पाऊलच ठेवलेलं नाही, प्रात्यक्षिकं कशी जमणार?

फळा_खडू

अभ्यासकेंद्राला पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारा: संपर्कवर्ग कुठल्या दिवशी आणि प्रयोगशाळा खरोखर उघडतात का. नुसती वही भरून घेणारं केंद्र असेल तर बदला. आणि शिक्षक मूल्यांकनाच्या गृहपाठांची तारीख चुकवू नका, त्याचे गुण निकालात धरले जातात.

रसायनाला अनुमापन (टायट्रेशन) येतंच. ऑक्झॅलिक आम्लाविरुद्ध पोटॅशियम परमँगनेट असेल तर फ्लास्कमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून तो ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचा, नाहीतर रंग जायला वेळ लागतो आणि आकडा चुकतो. वेगळा दर्शक लागत नाही, परमँगनेटचा फिकट गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की थांबायचं. द्रावण गडद असल्याने ब्युरेटवर वरच्या कडेचं वाचन घ्यायचं, नेहमीसारखं खालच्या वळणाचं नाही. सारखी येणारी तीन वाचनं मिळेपर्यंत करायचं. जीवशास्त्राला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड: मुळं सकाळी कापायची, तेव्हा विभाजन होत असलेल्या पेशी जास्त सापडतात, आणि टोकाचा दोन-तीन मिलिमीटर भागच घ्यायचा. एवढं दोन-तीनदा हाताखालून गेलं की परीक्षकासमोर हात थरथरत नाही. भौतिकाला मीटर सेतू आणि व्हर्निअर कॅलिपरपासून सुरुवात करा, कॅलिपर घरी आणून ठेवलं तरी चालेल.